समुद्रपातळीवाढ आणि किनाऱ्यावरील वाहतूक : पूरनकाशा तयार करण्याची पद्धत

समुद्राची पातळी एक मीटरने वाढली तर किनारपट्टीचा कोणता भाग पाण्याखाली जाईल, हे निळ्या रंगात दाखवणारा नकाशा आज संगणकावर थोड्या वेळात तयार करता येतो. रस्ते, लोहमार्ग, बंदरे आणि विमानतळ ज्यांना सांभाळायचे आहेत त्यांना मात्र त्या नकाशाचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यांचा प्रश्न वेगळा असतो. पाणी किती चढले म्हणजे नेमका कोणता दुवा तुटतो, आणि तो तुटल्यावर पलीकडच्या माणसांना दुसरी वाट उरते का, हे त्यांना हवे असते. जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या प्रणालीची, तोंडओळख झालेल्या, पण हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि अभियंत्यांसाठी हा लेख आहे.

आरंभीच एक भूमिका स्पष्ट करतो, कारण पुढची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे. बहुतेक नवखे अभ्यासक ‘२०५० सालचा नकाशा’ किंवा ‘२१०० सालचा नकाशा’ करायला घेतात. माझ्या मते सुरुवात सालापासून करू नये, पातळीपासून करावी. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी, पाणी किती उंचीला पोहोचले की तो तुकडा बुडू लागतो, हा एक आकडा काढावा. त्याला आपण त्या तुकड्याची ‘उंबरठा पातळी’ म्हणू. समुद्रपातळीचे अंदाज दर काही वर्षांनी सुधारले जातात, रस्त्याची उंची मात्र तो पुन्हा बांधला जाईपर्यंत किंवा जमीन खचेपर्यंत तीच राहते. उंबरठा पातळी एकदा नीट काढून ठेवली, की अंदाज कितीही वेळा बदलले तरी ती पातळी कोणत्या काळात गाठली जाईल एवढेच पुन्हा वाचायचे असते.

पहिली पायरी : सर्व उंची एकाच संदर्भावर आणणे

या कामात सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्या नकाशावर दिसत नाहीत. जमिनीची उंची, भरतीची पातळी आणि समुद्रपातळीवाढीचा अंदाज हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या शून्यांपासून मोजलेले असतात. उपग्रहीय स्थाननिश्चिती यंत्रणा जी उंची देते ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे एलिप्सॉइडपासून मोजलेली असते. नकाशांवरील उंची साधारणपणे जिऑइडशी, म्हणजे गुरुत्वाकर्षणानुसार ठरणाऱ्या समपातळी पृष्ठभागाशी जोडलेली असते. या दोन पृष्ठभागांतील फरक जगभरात सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत जातो. एवढा मोठा घोळ झाला तर तो लगेच लक्षात येतो. धोका असतो तो लहान फरकांत. देशाच्या अधिकृत उंची-संदर्भाचे शून्य आणि जवळच्या भरतीमापक केंद्रावरची आजची सरासरी समुद्रपातळी यांत काही सेंटिमीटरांपासून काही डेसिमीटरांपर्यंत अंतर असू शकते, आणि आपण ज्या वाढीचा अभ्यास करत आहोत तीसुद्धा त्याच मापाची असते.

म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी एक तक्ता करावा. समजा, जवळच्या केंद्रावरची सरासरी समुद्रपातळी अधिकृत संदर्भाच्या शून्यापेक्षा ०.१२ मीटर वर आहे आणि दररोजच्या दोन भरत्यांपैकी मोठ्या भरतीची दीर्घकालीन सरासरी त्या समुद्रपातळीच्या १.४० मीटर वर आहे. मग जमिनीच्या उंचीशी तुलना करण्याचा आकडा १.५२ मीटर झाला. ही सरासरी १९ वर्षांच्या नोंदींवरून काढतात, कारण चंद्राच्या कक्षेचे १८.६ वर्षांचे आवर्तन भरतीच्या उंचीवर परिणाम करते. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवर भागवले तर पाया एका बाजूला झुकतो.

संदर्भ काळाचाही पाळावा लागतो. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या, सहाव्या अहवालातील अंदाज १९९५ ते २०१४ या काळाच्या सरासरीच्या तुलनेत दिलेले आहेत, तर अमेरिकेतील भरतीच्या अधिकृत सरासऱ्या दीर्घकाळ १९८३ ते २००१ या काळावर बेतलेल्या होत्या. दोन काळांच्या मध्यबिंदूंत १३ वर्षांचे अंतर पडते आणि तेवढ्या काळात समुद्र चार-एक सेंटिमीटर चढलेला असतो. हा फरक आधी मिळवावा आणि मगच पुढची बेरीज करावी.

दुसरी पायरी : जमिनीची उंची कोठून घ्यावी

शक्य असेल तेथे विमानातून किंवा ड्रोनमधून घेतलेले लायडार सर्वेक्षण वापरावे. लेझरच्या परावर्तनावरून मोजलेल्या या उंचीत चूक सहसा दहा-वीस सेंटिमीटरांची असते आणि एक मीटर जाळीचे उंची-प्रतिमान, म्हणजे प्रत्येक चौकटीत जागेची उंची नोंदलेला अंकीय नकाशा, तयार करता येते. जगभर मोफत मिळणाऱ्या उपग्रहीय प्रतिमानांचा मोह टाळावा, किंवा त्यांच्या मर्यादा समजून ती वापरावीत. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानावरील रडारने मोजलेली, एसआरटीएम या जागतिक प्रतिमानातील उंची पूर्ण मीटरांत नोंदलेली असते आणि दाट झाडी किंवा इमारती असतील तेथे ती जमिनीऐवजी शेंड्यांच्या आणि छपरांच्या जवळची असते. परिणामी किनाऱ्यावरची वस्ती आहे त्यापेक्षा उंच, म्हणजे सुरक्षित, भासते. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचे ३० मीटर जाळीचे प्रतिमान अधिक नवे आणि सुबक आहे, पण तेही पृष्ठभागाचेच आहे. त्यातील झाडी व इमारती गणिताने वजा केलेले फॅबडेम आणि आइससॅट-२ व जेडी या अवकाशातून केलेल्या लेझर मोजण्यांच्या आधाराने सखल किनाऱ्यांसाठी सुधारलेले डेल्टाडीटीएम हे पर्याय पहिल्या चाळणीसाठी बरे आहेत. एखाद्या विशिष्ट रस्त्याबद्दल निर्णय देण्यासाठी मात्र तेही पुरेसे नाहीत.

प्रतिमान पुरेसे आहे की नाही, हे मोजण्याचा एक सोपा नियम आहे. उंचीतील वर्गमध्यमूळ त्रुटीला (चुकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाला) १.९६ ने गुणले की ९५ टक्के विश्वासाची मर्यादा मिळते, आणि तिची दुप्पट म्हणजे त्या प्रतिमानावर जबाबदारीने दाखवता येईल अशी पाण्याची किमान वाढ. त्रुटी ०.१५ मीटर असेल तर ही वाढ सुमारे ०.६ मीटर येते. त्रुटी एक मीटर असेल तर ती जवळपास चार मीटर होते. म्हणजे मीटरभर चुकणाऱ्या प्रतिमानावर अर्धा मीटर वाढीचा नकाशा काढला, तर त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांना आधार उरत नाही. हा हिशेब पाहुण्यांसारखा परिशिष्टात न बसवता अहवालाच्या पहिल्या पानावर द्यावा, असा माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी : पाण्याच्या पातळ्या ठरवणे

जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार सन २१०० पर्यंतची संभाव्य वाढ कमी उत्सर्जनाच्या मार्गावर ०.३२ ते ०.६२ मीटर, मध्यम मार्गावर ०.४४ ते ०.७६ मीटर आणि अत्यंत जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर ०.६३ ते १.०१ मीटर आहे. हिमस्तरांच्या वर्तनाविषयी अनिश्चितता मोठी असल्यामुळे दोन मीटरच्या आसपासची वाढही नाकारता येत नाही, असे तोच अहवाल म्हणतो. जो पूल शंभर वर्षे टिकावा म्हणून बांधला जातो त्याच्यासाठी या वरच्या टोकाकडे दुर्लक्ष करू नये, तर वीस वर्षांनी पुन्हा डांबरीकरण होणारच आहे अशा रस्त्यासाठी मधला अंदाज चालतो.

जागतिक सरासरी जशीच्या तशी वापरू नये. एखाद्या किनाऱ्यावर जाणवणारी वाढ म्हणजे समुद्राचे चढणे आणि जमिनीचे खचणे यांची बेरीज असते. नासाच्या संकेतस्थळावर आयपीसीसीचे अंदाज भरतीमापक केंद्रांनुसार मिळतात आणि त्यांत जमिनीच्या उभ्या हालचालीचा दीर्घकालीन कलही धरलेला असतो. भूजल उपसा किंवा भरावाची जमीन यांमुळे होणारे स्थानिक खचणे मात्र त्यांत पुरेसे उतरत नाही. ते उपग्रहीय रडार इंटरफेरोमेट्रीने (वेगवेगळ्या वेळच्या रडार प्रतिमांच्या तुलनेने) किंवा उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या स्थायी (जीएनएसएस) केंद्रांच्या नोंदींवरून वेगळे तपासावे लागते.

यानंतर भरती आणि वादळ. रोजच्या मोठ्या भरतीच्या पातळीवर वाढ मिळवली की ‘कायमचे किंवा जवळजवळ रोजचे’ पाणी मिळते. त्यावर वादळी फुगवटा, म्हणजे वादळाचा वारा आणि कमी हवादाब यांमुळे चढणारे समुद्राचे पाणी, मिळवला की ‘अधूनमधून येणारे’ पाणी मिळते. हे दोन नकाशे एकात मिसळू नयेत, कारण रोज बुडणारा रस्ता आणि दहा वर्षांतून एकदा बुडणारा रस्ता यांचे उपाय सर्वस्वी वेगळे असतात. वरच्या उदाहरणातील रस्त्याचा सर्वांत सखल बिंदू २.४० मीटरवर आहे असे समजू. रोजच्या भरतीपासून तो ०.८८ मीटर वर आहे, तेव्हा केवळ समुद्रपातळीवाढ पाहिली तर त्याच्यावर शतकाच्या शेवटाकडे वेळ येईल असे वाटते. पण एक मीटरचा फुगवटा मोठ्या भरतीच्या वेळी आला तर पाणी आजच २.५२ मीटरपर्यंत पोहोचते. रस्ता आजही असुरक्षित आहे, आणि पुढे बदलणार आहे ती त्याच्या बुडण्याची वारंवारता.

वारंवारता काढण्याची प्राथमिक रीत अवघड नाही. हवाई विद्यापीठाच्या समुद्रपातळी केंद्राकडून तासागणिक नोंदी मिळतात. त्या घेऊन, आवश्यक संदर्भ बदलून, वर्षातून किती तास पाणी उंबरठा पातळीच्या वर गेले ते मोजावे. मग सर्व नोंदींत ०.१ मीटर, ०.२ मीटर अशी वाढ मिळवत पुन्हा मोजावे. सुरुवातीला अगदी थोडी वाढ होऊनही तासांची संख्या किती झपाट्याने वर जाते, ते या तक्त्यात दिसते. भरतीमापक मात्र बहुधा बंदराच्या आडोशाला असतो, त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर लाटा चढून येणारे पाणी या मोजणीत येत नाही. तेथे एडसर्क, एसफिंक्स किंवा डेल्फ्ट३डी यांसारख्या गतिकीय प्रतिमानांची आणि ते चालवणाऱ्या जाणकाराची मदत घ्यावी.

चौथी पायरी : पाणी पोहोचते का, हे पाहणे

पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली प्रत्येक जागा निळी रंगवणे ही सर्वांत साधी पद्धत. तिच्यात बांधाच्या पलीकडचा, समुद्राशी कोणताही संबंध नसलेला खोलगट भागही बुडालेला दिसतो. म्हणून सखल चौकटी वेगळ्या काढल्यावर त्यांचे सलग गट करावेत आणि समुद्राला जोडलेला गट तेवढा ‘थेट बुडणारा’ धरावा. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणकप्रणालीत हे रास्टर कॅल्क्युलेटर (चौकटींवर गणिते करणारे साधन) आणि गट पाडण्याची साधने वापरून होते. जोडणी चार बाजूंनी धरली तर अरुंद नाले तुटतात आणि आठ बाजूंनी धरली तर पाणी कोपऱ्याकोपऱ्यांतून पसरते. मी आठ बाजूंची जोडणी निवडतो, कारण धोका थोडा जास्त दिसणे हे तो लपण्यापेक्षा परवडते.

उरलेले सखल गट टाकून देऊ नयेत. पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या गटारांची तोंडे भरतीखाली गेली की समुद्राचे पाणी त्याच नळांतून उलटे येऊन रस्त्यावर उगवते, आणि ही वाट कोणत्याही उंची-प्रतिमानात दिसत नाही. असे गट वेगळ्या रंगात दाखवून त्यांच्या शेजारी गटारांचा आराखडा ठेवावा. तसेच प्रतिमानात रस्त्याचा भराव सलग भिंतीसारखा दिसतो, प्रत्यक्षात त्याखालून मोरी गेलेली असते. मोऱ्यांच्या जागी प्रतिमानात मुद्दाम खाच पाडली नाही तर भरावामागचा सगळा भाग खोटाच कोरडा राहतो.

पाचवी पायरी : रस्त्याला त्याची स्वतःची उंची देणे

रस्त्याची रेषा पूरक्षेत्रावर ठेवून छेद घेतला की काम झाले, असे वाटते. पूल, बोगदे आणि भराव या तिन्ही ठिकाणी हा छेद फसवतो.

जमिनीचे प्रतिमान तयार करताना पूल काढून टाकलेले असतात, त्यामुळे खाडीवरचा उंच पूलही पाण्यात बुडालेला दिसतो. लायडारच्या मूळ बिंदुसंचात पुलाच्या पृष्ठभागाला बहुधा १७ हा वर्गक्रमांक दिलेला असतो. त्या बिंदूंवरून पुलाची उंची घेऊन ती रेषेला जोडावी. पूल वाचला तरी त्याचा पोहोचमार्ग वाचतोच असे नाही, आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा बुडतो तो पोहोचमार्गच. भुयारी मार्गाबाबत उलटे घडते. वरची जमीन उंच असते, पण पाणी शिरते ते जिन्यांतून, हवाझरोक्यांतून आणि बोगद्याच्या तोंडातून. तेव्हा उंबरठा पातळी या प्रत्येक तोंडाची काढावी आणि त्यांतील सर्वांत सखल तोंडाची पातळी संपूर्ण भुयाराला लावावी. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कचे साउथ फेरी स्थानक समुद्राच्या पाण्याने भरले. ते २००९ मध्येच नव्याने सुरू झाले होते, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा उघडायला २०१७ साल उजाडले.

इतर रस्त्यांसाठी, रेषेवर दर पाच किंवा दहा मीटरला बिंदू घेऊन, रस्त्याच्या रुंदीतील उंचीची किंमत वाचावी. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या जागतिक नकाशातील रेषा दोन-चार मीटर सरकलेली असू शकते आणि तेवढ्याने बिंदू भरावावरून शेजारच्या चरात पडतो, म्हणून रेषा आधी हवाई छायाचित्रावर तपासावी. दोन चौकांमधील तुकड्याची उंबरठा पातळी म्हणजे त्यावरील सर्वांत सखल बिंदूची पातळी. सरासरी घेऊ नये. पाच किलोमीटरचा रस्ता पन्नास मीटरच्या एका घळीत तुटला तरी तो तुटलेलाच असतो. त्या बिंदूपर्यंत पाणी येण्याच्या वाटेत त्याहून उंच बांध असेल तर बांधाच्या माथ्याची पातळी हा उंबरठा ठरतो, मात्र बांध मजबूत असल्याची खातरजमा आधी झालेली असावी.

‘बुडणे’ म्हणजे काय, हेही ठरवावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या सूचनेनुसार सुमारे १५ सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारींच्या तळाला लागते आणि ताबा सुटू शकतो, तर ३० सेंटिमीटर पाण्यात अनेक वाहने तरंगू लागतात. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी पाणी लागण्याची आणि वाहतूक थांबण्याची, अशा दोन पातळ्या नोंदवाव्यात. लोहमार्गाला हे माप लावू नये. तेथे रुळांपेक्षा शेजारच्या सिग्नल पेट्या आणि विद्युत उपकेंद्रे यांची उंची निर्णायक असते.

सहावी पायरी : अनिश्चितता नकाशावरच दाखवणे

वरच्या उदाहरणात पाणी २.५२ मीटर आणि रस्ता २.४० मीटर आहे. जमिनीच्या उंचीतील त्रुटी ०.१५ मीटर आणि पाण्याच्या पातळीतील त्रुटी ०.१० मीटर धरली तर वर्गांच्या बेरजेचे मूळ सुमारे ०.१८ मीटर येते. फरक ०.१२ ला ०.१८ ने भागले की ०.६७, आणि सामान्य वितरणाच्या तक्त्यानुसार रस्ता बुडण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या समुद्रपातळी नकाशांत ८० टक्क्यांच्या सीमेने खात्रीचे आणि अनिश्चित असे भाग वेगळे केले आहेत. त्या निकषावर हा तुकडा ‘अनिश्चित’ ठरतो. पाणी आणखी १० सेंटिमीटर वाढले की शक्यता ८९ टक्क्यांच्या आसपास जाते आणि तो ‘खात्रीने बुडणारा’ होतो. बुडणारा, न बुडणारा आणि अनिश्चित अशी तीन गटांची विभागणी निर्णय घेणाऱ्याला उपयोगी पडते. अनिश्चित गटातील महत्त्वाच्या तुकड्यांची यादी म्हणजे प्रत्यक्ष मोजणी कोठे करायची याची यादी.

सातवी पायरी : जाळ्याचा विचार

अमेरिकेच्या परिवहन विभागाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गल्फ किनाऱ्याच्या अभ्यासात आढळले, की तेथील २७ टक्के प्रमुख रस्ते, ९ टक्के लोहमार्ग आणि ७२ टक्के बंदरे समुद्रसपाटीपासून १.२ मीटरच्या आत आहेत. अशा टक्केवारीने प्रश्नाचा आकार समजतो. कोणता दुवा आधी वाचवायचा, हे मात्र तिच्यातून कळत नाही.

त्यासाठी रस्त्यांचे जाळे आलेखाच्या रूपात, म्हणजे चौकांचे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे अशा रूपात, घ्यावे. पायथनमधील ओएसएमएनएक्स आणि नेटवर्कएक्स ही साधने त्यासाठी पुरतात. पाण्याची पातळी थोडी थोडी वाढवत, उंबरठा ओलांडलेले तुकडे जाळ्यातून काढावेत आणि प्रत्येक वेळी वस्तीपासून रुग्णालय, अग्निशमन केंद्र व मुख्य महामार्ग यांपर्यंतचा वेळ पुन्हा काढावा. काही पातळ्यांवर वेळ हळूहळू वाढतो, आणि एखाद्या पातळीवर एकाएकी संपूर्ण वस्ती तुटते. त्या पातळीला तुटणारा दुवा शोधणे हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. तो दुवा बहुधा मोठा महामार्ग नसून दुर्लक्षित जोडरस्ता असतो, ज्याची वाहनसंख्या कमी असल्यामुळे निधीच्या यादीत तो खाली असतो. वाहनसंख्येइतकेच वजन ‘दुसरी वाट नाही’ या गोष्टीला द्यावे, असे मला ठामपणे वाटते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जेबी वादळात जपानच्या कन्साई विमानतळात पाणी शिरले आणि त्याच वेळी वाऱ्याने वाहत आलेले जहाज विमानतळाच्या बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या एकमेव पुलावर आदळले. हजारो माणसे बेटावर अडकली.

आठवी पायरी : कोणाला किती इजा होते

सारखेच पाणी सगळ्या बांधकामांना सारखे बाधत नाही. पाण्याशी संपर्क किती, इजा किती आणि सावरण्याची क्षमता किती, या तीन बाबी वेगवेगळ्या गुणांकित कराव्यात व त्यांची बेरीज करण्यापूर्वी प्रत्येकीचा स्वतंत्र स्तंभ ठेवावा. खाऱ्या पाण्याने सळया आणि विजेची उपकरणे गंजतात. समुद्रासोबत किनाऱ्याचे भूजलही चढते आणि रस्त्याच्या खालचे थर ओले राहून त्यांची ताकद कमी होते. हे नुकसान भरतीचे पाणी जेथे कधीच पोहोचत नाही अशा आतल्या भागातही होते, म्हणून पूरनकाशात कोरडा दिसणारा रस्ता पूर्ण सुरक्षित समजू नये.

नववी पायरी : जागेवर जाऊन पडताळणी

वर्षातील सर्वांत मोठ्या भरतीच्या दिवशी निवडक ठिकाणी जाऊन, वेळ नोंदवून छायाचित्रे घ्यावीत आणि त्या वेळची भरतीमापकाची नोंद प्रतिमानात घालून नकाशा तेच पाणी दाखवतो का, ते पाहावे. रस्त्यांची देखभाल करणाऱ्या कामगारांना कोठे आधी पाणी येते हे ठाऊक असते. त्यांना नकाशा दाखवून खुणा करून घ्याव्यात. त्यांच्या खुणा आणि नकाशा जुळले नाहीत, तर आधी मोऱ्या आणि गटारे तपासावीत.

शेवटी तुकडावार तक्ता सुपूर्द करावा. त्यात उंबरठा पातळी, तिची त्रुटी, उंचीचा संदर्भ, सर्वेक्षणाचे साल, मोऱ्यांची तपासणी झाली की नाही, आणि दुसरी वाट आहे की नाही, एवढे रकाने असावेत. रस्ता उंचावला गेला, नवे लायडार आले किंवा जमीन खचल्याची मोजणी मिळाली, की त्या ओळीतील आकडा बदलून त्यापुढे बदलाची तारीख लिहावी, आणि जुना आकडा पुसून न टाकता शेजारच्या रकान्यात ठेवावा.